फौजी सुट्टीवर येतो तेव्हा: सैनिकांना आणि माजी सैनिकांना मिळणारी वागणूक

माणदेशी_लेक | २१ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

मेरठजवळच्या भुनी टोलनाक्यावरचा व्हिडिओ एव्हाना बहुतेकांनी पाहिला असेल. १७ ऑगस्टची रात्र. राजपूत रेजिमेंटचा एक जवान सुट्टी संपवून श्रीनगरला ड्यूटीवर निघालेला, दिल्लीहून विमान गाठायचं होतं आणि नाक्यावर गाड्यांची लांब रांग. उशीर होतोय म्हणून तो उतरून बोलायला गेला, शब्दाने शब्द वाढला आणि नाक्यावरच्या माणसांनी त्याला खांबाला जखडून काठ्यांनी मारलं. व्हिडिओ देशभर फिरला. मग अटका झाल्या, महामार्ग प्राधिकरणाने ठेकेदाराला २० लाखांचा दंड केला आणि ठेका काढून घेतला.

कारवाई झाली हे चांगलंच. पण त्या रात्री तिथे कोणी मोबाईल काढला नसता तर? तो जवान सुजलेल्या पाठीने श्रीनगरला हजर झाला असता आणि युनिटमध्ये उशिराचं कारण देत बसला असता.

याच वर्षी मार्चमध्ये पतियाळात एका सेवेतल्या कर्नलला आणि त्यांच्या मुलाला गाडी लावण्यावरून पंजाब पोलिसांच्या माणसांनी बेदम मारलं. बारा जण निलंबित झाले, तरी तपास आधी चंदीगड पोलिसांकडे आणि मग सीबीआयकडे जावा यासाठी कुटुंबाला उच्च न्यायालयात भांडावं लागलं. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये भुवनेश्वरच्या भरतपूर पोलीस ठाण्यात एक लष्करी अधिकारी आणि त्यांची होणारी पत्नी रस्त्यावर त्रास देणाऱ्यांची तक्रार द्यायला गेले, आणि ठाण्यातच त्यांना मारहाण झाल्याचा आरोप झाला. तिथेही पाच पोलीस निलंबित.

या तिन्ही ठिकाणी माणूस साध्या कपड्यांत होता. आपण लष्करात आहोत हे त्याने सांगितलं होतं, असं तक्रारी म्हणतात. सांगूनही फरक पडला नाही.

मी सातारा जिल्ह्यातली. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले, धाकटा भाऊ सध्या सिक्कीममध्ये आहे. आमच्याकडे फौज घराघरात आहे. मिलिटरी अपशिंगे हे गावाचं नावच सांगतं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तिकडे शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. अशा मुलखात तरी सैनिकाला सरकारी कचेरीत बसायला खुर्ची मिळत असेल असं बाहेरच्यांना वाटतं.

भाऊ सुट्टीवर नसताना शेजाऱ्याने बांध सरकवला. जमीन मोजणीचा अर्ज केला, पैसे भरले, तारीख मिळाली ती भावाची सुट्टी संपल्यानंतरची. चार दिवस अलीकडची द्या म्हणून वडील विनंती करायला गेले. पंचाहत्तरीतला माणूस, उभाच ठेवला. वर ऐकवलं, "तुम्हाला कँटीन फुकट, दवाखाना फुकट, आता मोजणीपण पहिली पाहिजे?" वडील काही न बोलता घरी आले. ते कधीच बोलत नाहीत, मीच बोलतेय.

तुमच्याकडे काय अनुभव आहेत? आणि कशाचा उपयोग झाला, तेही लिहा. नुसतं वाईट वाटून घेऊन माझं समाधान होणार नाही.

रिटायर्ड_हवालदार | २१ ऑगस्ट, रात्री १०:२५

ताई, रामराम. तुमच्या वडिलांना माझा जयहिंद सांगा.

पहिलं म्हणजे कँटीन फुकट नसते. करात सवलत असते, तीही ठरावीक मर्यादेत, आणि माल आम्ही पैसे मोजूनच घेतो. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ ला सुरू झाली, त्याचीही वर्गणी निवृत्तीच्या वेळी कापून घेतात. हे कचेरीत कुणी ऐकून घेत नाही, पण इथे वाचणाऱ्यांना तरी माहीत असावं.

आता उपयोगाचं. भावाला सांगा, अ‍ॅडज्युटंटला भेटून सीओ साहेबांच्या, म्हणजे युनिटच्या प्रमुखांच्या, सहीचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे काढून घे. त्याची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना. प्रत्येक जिल्ह्यात हे कार्यालय असतं, कलेक्टर त्या मंडळाचे अध्यक्ष असतात, ही गोष्ट बऱ्याच फौजींच्या घरी ठाऊक नसते.

या पत्राचं पुढे काय होतं तेही सांगतो, म्हणजे नाराज व्हायची वेळ येणार नाही. कलेक्टर ऑफिसातून ते तहसीलदाराकडे, तिथून मंडळ अधिकाऱ्याकडे, तिथून तलाठ्याकडे "योग्य त्या कार्यवाहीसाठी" जातं. म्हणजे तक्रार ज्या टेबलाची, पत्र येऊन पडतं त्याच टेबलावर. तुमची बाब मोजणीची, म्हणून ते भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे जाईल. पत्र पाठवून घरी बसायचं नाही. आवक क्रमांक घ्यायचा आणि पंधरा दिवसांनी तो क्रमांक घेऊन परत जायचं. माझ्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं.

नळस्टॉप | २१ ऑगस्ट, रात्री ११:१०

मारहाण झाली त्याचं समर्थन कुणीच करणार नाही. पण एक प्रामाणिक प्रश्न. तलाठी कार्यालयात आशाताईला, शेतमजुराला, विधवा बाईला कोणती चांगली वागणूक मिळते? तिथे सगळ्यांनाच उभं ठेवतात. मग "सैनिक म्हणून" वेगळं काही मागण्यापेक्षा नागरिक म्हणून सगळ्यांना नीट वागणूक मागायला नको का? शिवाय टोलनाक्यावर जुनं ओळखपत्र दाखवून "सोडा मला" म्हणत हुज्जत घालणारे निवृत्त लोक मी स्वतः पाहिलेत. मागे रांग तुंबते.

माणदेशी_लेक | २१ ऑगस्ट, रात्री ११:३२

@नळस्टॉप, आशाताईलाही खुर्ची मिळाली पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण एक फरक आहे आणि तो मानापानाचा नाही. बाकीचा माणूस पुढच्या आठवड्यात परत जाऊ शकतो. माझ्या भावाला परत जायला पुढच्या वर्षीची सुट्टी मंजूर व्हावी लागते. त्याच्या गैरहजेरीत बांध सरकतो, फेरफार नोंदला जातो, हरकतीची मुदत निघून जाते. तो हजर नाही हे शेजाऱ्याला पक्कं माहीत असतं, आणि म्हणूनच तो त्याच महिन्यात नांगर घालतो. वडिलांनी खास वागणूक मागितली नव्हती. मुलगा गावात असताना मोजणी व्हावी, एवढंच मागितलं होतं.

वकील_नाशिक | २२ ऑगस्ट, सकाळी ८:१५

वरचा मुद्दा कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच मान्य केलेला आहे. इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट, १९२५. सैनिक युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीच्या ठिकाणी नेमणुकीवर असेल आणि दिवाणी किंवा महसुली न्यायालयात त्याच्याविरुद्ध काही चालू असेल, तर लष्करी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर ते काम थांबवता येतं. त्याच्या माघारी एकतर्फी आदेश झाला असेल तर तो उघडून घेण्याची सोय आहे, आणि मुदतीच्या हिशेबात तो काळ वगळला जातो. मी हे प्रमाणपत्र दाखल केलं की बऱ्याचदा समोरचे वकीलच विचारतात, हा कुठला कायदा. माणदेशी_लेक, भावाची नेमणूक या व्याख्येत बसते का ते युनिटमधून लिहून घ्या, आणि फेरफाराला हरकत आजच नोंदवा.

टोलबद्दल. १९०१ चा जुना टोल कायदा आहे, त्यात सूट आहे ती ड्यूटीवरच्या सैनिकाला. निवृत्त माणसाला नाही, आणि सुट्टीवर स्वतःच्या गाडीने फिरणाऱ्यालाही नाही. त्यामुळे @नळस्टॉप यांचं निरीक्षण बरोबर आहे, तो हट्ट चुकीचा आहे. पण मेरठचा जवान ड्यूटीवर परत निघाला होता, आणि नियम कसाही असला तरी खांबाला बांधायचा अधिकार कोणत्याच कायद्याने टोलवाल्याला दिलेला नाही.

बेळगाव_क्वार्टर | २२ ऑगस्ट, दुपारी २:०५

मी फौजीची बायको. बायकांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

२०१७ च्या फेब्रुवारीत झेडपीच्या प्रचारात पंढरपूर तालुक्यातल्या एका सभेत विधान परिषदेचे आमदार प्रशांत परिचारक यांनी सीमेवरच्या जवानाच्या बायकोबद्दल जे शब्द वापरले, ते मी इथे पुन्हा लिहिणार नाही. गावातल्या गावात नवऱ्याच्या मागे आम्हाला जे टोमणे खाली मानेने ऐकावे लागतात, तेच त्यांनी माईकवरून म्हटलं आणि समोरचे लोक हसले. नंतर त्यांनी माफी मागितली. दीड वर्षासाठी निलंबन झालं, आणि ती मुदत पुरी व्हायच्या आत, २०१८ मध्ये ते मागेही घेतलं गेलं.

त्या हसण्याचं मला जास्त लागलं. कारण ते लोक आमच्या ओळखीचे असतात. नवरा लेहला असताना घरात गॅस सिलिंडर आणून देणारा दीर दोनदा आला की तिसऱ्यांदा शेजारीण खिडकीत उभी राहते. रात्री मुलाला ताप आला आणि कुणाच्या गाडीवर बसून दवाखान्यात गेले तर दुसऱ्या दिवशी ते सासूच्या कानावर आलेलं असतं. घर भाड्याने बघताना "मिस्टर इथे नसतात? मग नको" हे मी कितीतरी दारांत ऐकलंय. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो तिकडे अस्वस्थ, हातात बंदूक घेतलेला माणूस, म्हणून सांगायचंही नाही.

बँकेत त्याच्या सहीशिवाय काम होत नाही. शाळेत "वडिलांना पाठवा" म्हणतात. रेशनकार्डावर त्याचं नाव, तो हजर नाही, अंगठा जुळत नाही. हे अपमान कुणी ठरवून करत नाही हे मला कळतं. पण सव्वीस जानेवारीला शाळेत मला "वीरपत्नी" म्हणून स्टेजवर बोलावलं. माझा नवरा जिवंत आहे हो. वीरपत्नी म्हणजे काय हेही बोलावणाऱ्यांना माहीत नव्हतं. नारळ हातात घेऊन मी तशीच खाली आले आणि घरी येऊन त्याला फोन लावला, आवाज ऐकेपर्यंत जिवात जीव नव्हता.

माणदेशी_लेक | २२ ऑगस्ट, दुपारी २:४०

ताई, आईनेही हेच सगळं काढलं असणार. तिने कधी सांगितलं नाही. तुमचं लिहिणं आज तिला वाचून दाखवते.

दिल्लीकर_मराठी | २२ ऑगस्ट, रात्री ८:५०

१४ ऑगस्ट २०१५ ला मी जंतरमंतरजवळच कामाला होतो. वन रँक वन पेन्शनसाठी माजी सैनिक जूनपासून तिथे बसलेले. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन, म्हणून सुरक्षेचं कारण देऊन सकाळी दिल्ली पोलीस त्यांना उठवायला आले. छातीवर पदकं लावलेली ऐंशीच्या घरातली माणसं, त्यांची कॉलर धरली, शर्ट फाटले. कारगिलचं युद्ध लढलेले, ६५ आणि ७१ पाहिलेले लोक होते ते. संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला आणि त्यांना परत बसू दिलं.

मागणी काय होती हे तरुण वाचकांसाठी. त्याच हुद्द्यावरून, तेवढीच नोकरी करून निवृत्त झालेल्या दोघांना सारखंच पेन्शन, मग एक १९९५ ला निवृत्त झालेला असो नाहीतर २०१५ ला. सैनिक मुळात पस्तीस-चाळिशीत घरी येतो. साठीपर्यंत नोकरी करणाऱ्या कारकुनाला पुढच्या वेतन आयोगांचे फायदे कामावर असतानाच मिळतात, जवानाचं पेन्शन मात्र तरुणपणीच्या पगारावर गोठतं. १९७३ पर्यंत जवानाचं पेन्शन शेवटच्या पगाराच्या ७० टक्के होतं, तिसऱ्या वेतन आयोगानंतर ते ५० वर आलं. तिथून हे दुखणं सुरू झालं. कितीतरी सरकारं आली, समित्या झाल्या, २००९ मध्ये लोकांनी आपली पदकं परत केली. शेवटी ५ सप्टेंबर २०१५ ला घोषणा झाली, १ जुलै २०१४ पासून लागू, दर पाच वर्षांनी फेरआढावा. दरवर्षी समानीकरण हवं हा आग्रह मान्य झाला नाही, आणि मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची पद्धत योग्य ठरवली, पण १ जुलै २०१९ चा राहिलेला फेरआढावा करायला लावला.

पेन्शन किती असावं यावर वाद असू शकतो, देशाच्या तिजोरीचाही विचार करावा लागतो. पण माणसाला कॉलर धरून उठवायचं नसतं, एवढं त्या सकाळी दिल्ली पोलिसांना कुणी सांगितलं नव्हतं. मला ते दृश्य आजही सहन होत नाही.

खराडीकर | २२ ऑगस्ट, रात्री १०:१५

आमच्या जवळची गोष्ट, गेल्या महिन्यातली. २६ जुलैला, म्हणजे कारगिल विजय दिवसाच्याच रात्री, पुण्यात चंदननगरला एका घरात लोक शिरले आणि तुम्ही भारतीय आहात याचे कागद दाखवा म्हणाले. ते घर कारगिल युद्धात भाग घेतलेल्या एका माजी सैनिकाच्या भावाचं आणि कुटुंबाचं. आडनाव शेख. जमाव घोषणा देत घुसला आणि पोलीस बघत राहिले असं कुटुंबाचं म्हणणं, तर बेकायदा राहणाऱ्यांची माहिती मिळाल्यामुळे आम्ही कागद तपासायला गेलो होतो असं पोलिसांचं. काय ते तपासात निघेल. घरातल्या लहान मुलांना मध्यरात्री झोपेतून उठावं लागलं, एवढं पुरेसं आहे.

आसाममध्ये तर जेसीओ (सुभेदाराच्या श्रेणीतला अधिकारी) म्हणून निवृत्त झालेल्या, तीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला २०१९ मध्ये परकीय नागरिक न्यायाधिकरणाने विदेशी ठरवलं आणि गोलपाऱ्याच्या स्थानबद्धता केंद्रात नेऊन ठेवलं. निवृत्तीनंतर ते आसामच्या सीमा पोलिसातच नोकरी करत होते, विदेशी शोधायचं काम ज्या खात्याचं त्याच खात्यात. गुवाहाटी उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर ते घरी आले. सैनिकाचा आदर हा आडनाव बघून ठरणार असेल तर तो आदर मला मान्य नाही.

संपादक_मंडळ | २२ ऑगस्ट, रात्री १०:४०

सदस्यांना विनंती: पक्षांची भांडणं इथे आणू नयेत. काही प्रतिसाद काढले आहेत.

घाटकोपर_लोकल | २२ ऑगस्ट, रात्री ११:०५

पक्षांचं नको, पण एक घटना नोंदवतो कारण ती महाराष्ट्रातली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कांदिवलीत साठी ओलांडलेल्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याला, व्हॉट्सअ‍ॅपवर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं व्यंगचित्र पुढे पाठवलं म्हणून, सोसायटीच्या आवारात बोलावून शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मारलं. डोळा सुजलेला त्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला. तेव्हा एका बाजूचे लोक चिडले, दुसऱ्या बाजूचे गप्प बसले. जंतरमंतरच्या वेळी नेमकं उलट झालं होतं. माजी सैनिकाच्या बाजूने बोलायचं की नाही, हे मारणारा कोण ते बघून ठरतं. हे मला सगळ्यात घाण वाटतं.

हिंजवडी_फेज_३ | २३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक काका आहेत. नायब सुभेदार म्हणून निवृत्त, मूळ बुलढाण्याकडचे. बारा तासांची ड्यूटी. एजन्सीने सोसायटीला "एक्स-सर्व्हिसमन गार्ड" म्हणून जास्त दर लावलेला, काकांच्या हातात त्यातलं किती पडतं हे मी कमिटीत विचारलं तर उत्तर मिळालं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रहिवाशाची गाडी स्टिकर नसल्याने काकांनी थांबवली. नियम कमिटीनेच केलेला. गाडीतला मुलगा, विशीतला असेल, खाली उतरून त्यांना अरे-तुरे करत ओरडत होता, "तुला माहितीये मी कोण आहे?" काका सावधान उभे. अक्षरशः टाच जुळवून. एक शब्द नाही. मी मध्ये पडलो तर मुलाचे वडील मलाच म्हणाले, वॉचमन आहे तो, त्याला कळायला नको का. काकांनी वहीत गाडीचा नंबर आणि वेळ लिहिली, आणि गेट उघडलं.

मी त्यांना नंतर विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही की मी फौजेत होतो? म्हणाले, "साहेब, ते सांगून गेट सांभाळायचं असतं का? गेट सांभाळायचं तर नियम सांगायचा." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर काही जणांनी मिळून कमिटीत ठराव करून घेतला. गार्डशी अपशब्द वापरले तर लेखी समज आणि दंड. केबिनमध्ये पंखा आणि बसायला नीट खुर्ची. एजन्सीने पगारपत्रक दाखवायचं. पहिले दोन मुद्दे झाले. पगारपत्रक अजून आलेलं नाही, पुढच्या सर्वसाधारण सभेत पुन्हा घेतोय. माझा आग्रह आहे की हे सगळ्या गार्डसाठी असावं, फौजी असो वा नसो. @नळस्टॉप, इथे मी तुमच्या बाजूचा आहे.

नळस्टॉप | २३ ऑगस्ट, सकाळी ९:००

पगारपत्रकाचा मुद्दा सोडू नका. आमच्या सोसायटीत मी हाच विषय घेतो. आणि बेळगाव_क्वार्टर, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचायला दिला.

तोफखान्यातला | २३ ऑगस्ट, दुपारी १२:२०

सगळे सिव्हिलियनबद्दल लिहितायत. आतलं कोण लिहिणार? मी गनर होतो. साहेबांचं कुत्रं फिरवणं, मेमसाहेबांची भाजी आणणं, मुलांना शाळेत सोडणं, हे सहायकाच्या नावाखाली जवानांकडून करून घेतलेलं मी पाहिलंय. नियमात सहायकाचं काम वेगळं आहे, अधिकाऱ्याचं शस्त्र, किट, रेडिओ, लढाईच्या वेळी बडी म्हणजे जोडीदार. घरकाम त्यात येत नाही. २०१७ मध्ये देवळालीत या विषयावरच्या छुप्या चित्रीकरणात दिसलेला एक गनर नंतर ओसाड बराकीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. केरळचा मुलगा. त्याच वर्षी बीएसएफच्या एका जवानाने जेवणाच्या निकृष्ट दर्जाचा व्हिडिओ टाकला आणि काही महिन्यांत त्याला बडतर्फ केलं. जवानाचा अपमान फक्त टोलनाक्यावर होतो असं म्हणणं अर्धवट आहे.

रिटायर्ड_हवालदार | २३ ऑगस्ट, दुपारी १:१०

भाऊ, तुमचं खोटं नाही. पण सगळे साहेब तसे नव्हते, माझा कंपनी कमांडर बर्फात आमच्याबरोबर एकाच तंबूत झोपला आणि आम्ही खाल्ल्यावर जेवला. तरीही जिथे चूक झाली तिथे फौजेने जवानाचं ऐकून घेण्याची वाट मोकळी ठेवायला हवी होती. त्यात माझं-तुमचं दुमत नको.

आणखी एक वर्ग आता येतोय, अग्निवीर. चार वर्षं, त्यातले पंचवीस टक्के कायम, बाकीचे घरी, पेन्शन नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनवर ड्यूटीवर असताना वारलेला पहिला अग्निवीर बुलढाण्याचाच होता. घरी परतलेल्या मुलाला तलाठी, बँक, पोलीस काय म्हणून ओळखणार, याची मला काळजी आहे. आम्हाला निदान डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) दाखवता येतो.

वकील_नाशिक | २३ ऑगस्ट, दुपारी ४:४५

अपमानाचा एक प्रकार राहिलाच, आणि तो सरकार स्वतः करतं. अपंगत्व पेन्शन. भरतीच्या वेळी ठणठणीत असलेला माणूस पंधरा-वीस वर्षांनी उच्च रक्तदाब, पाठीचा कणा किंवा मनाचा आजार घेऊन बाहेर पडतो, आणि मेडिकल बोर्ड लिहितं की आजाराचा सेवेशी संबंध नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात स्पष्ट केलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं धरून चालायचं, नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. त्यानंतरही सशस्त्र दल न्यायाधिकरणात जिंकलेल्या जवानाविरुद्ध सरकार वरच्या न्यायालयात जात राहिलं. संरक्षण मंत्रालयाच्याच तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये सांगितलं की ही अपिलं थांबवा. माझ्याकडे येणारा अशील असतो सांगली-जळगावचा, मुंबईच्या खंडपीठाच्या तारखेला रात्रीच्या एसटीने येतो, काठी टेकत. समोर केंद्र सरकारचे वकील. मी ही प्रकरणं फीकडे न बघता घेते. कुणाला गरज असेल तर इथे निरोप ठेवा.

माणदेशी_लेक | २४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाशी बोलले, तो अ‍ॅडज्युटंट साहेबांना भेटतोय. फेरफाराला हरकत नोंदवून पोच घेतली. वडील बरोबर आले होते, पण बाहेरच थांबले. आत मी गेले.

मिरजेची_सून | २४ ऑगस्ट, सायंकाळी ६:००

मी नवीन सदस्य. सासरे वारले, ते फौजेतून निवृत्त होते. सासूबाईंचं नाव पीपीओवर माहेरचं आणि आधारवर सासरचं आहे, म्हणून कौटुंबिक पेन्शन अडकलंय. बँक म्हणते स्पर्शवर (संरक्षण पेन्शनची ऑनलाइन प्रणाली) बघा, स्पर्शच्या सेवा केंद्रात म्हणतात रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, लिहा. सासूबाईंना लिहितावाचता येत नाही, प्रत्येक खिडकीवर "आजी, तुम्ही खरंच त्यांची बायको का" असं विचारतात. त्या आता जायलाच नको म्हणतात. काय करावं?

रिटायर्ड_हवालदार | २४ ऑगस्ट, सायंकाळी ७:१५

ताई, आजींना आता कुठल्या खिडकीवर नेऊ नका, सहीअंगठ्यापुरतं न्या. लग्नानंतर नाव बदलल्याचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या कौटुंबिक नोंदीतल्या बदलाचा युनिटचा आदेश, त्या वेळी निघाला नसणार, आमच्या पिढीत निम्म्या घरांत ही अडचण आहे. सासऱ्यांचं डिस्चार्ज बुक, पीपीओ, मृत्यूचा दाखला, आजींचं आधार-पॅन आणि दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढं घेऊन सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथले कल्याण संघटक अर्ज भरून देतात आणि शिफारशीसह रेकॉर्ड ऑफिसला पाठवतात. रेकॉर्डवाले प्रयागराजच्या पीसीडीएकडून (संरक्षण पेन्शनचं लेखा कार्यालय) दुरुस्तीचा पीपीओ काढून घेतात. बँकेचं काम त्यानंतर. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

सासरे कोणत्या रेजिमेंटला होते ते लिहा, म्हणजे कुठल्या रेकॉर्डला पाठवायचं ते सांगतो.